जुनं आउटबोर्ड घ्यायचं का? ड्रममध्ये चालतं, पाण्यात बंद पडतं, त्याचा तपास

विकणाऱ्याच्या अंगणात, पाण्याने भरलेल्या निळ्या ड्रममध्ये लावलेलं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन, दोरीच्या दुसऱ्या ओढीला सुरू होतं. थोडा धूर, मागून पाण्याची धार, आवाजही बरा. घेणारा खूश होऊन पैसे मोजतो. मग होडीला लावून काठापासून जरा आत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत ते गुदमरतं आणि बंद पडतं. गार झालं की सुरू होतं, पुन्हा तेच. प्लग बदलून होतात, कार्ब (कार्बुरेटर) साफ करून होतो, पेट्रोल बदलून होतं आणि पुढच्या खेपेला परत तीच गत. पुण्याच्या आसपास जुनी आउटबोर्ड घेणाऱ्यांकडून मी सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार हीच.

इंजिन घरी आणल्यावर ही तक्रार मिटवायला बसलं तर पैसा आणि अख्खा हंगाम जातो. घेण्याआधी तपासलं तर दोन-तीन तासांत बहुतेक गोष्टी कळतात. ड्रममध्ये सुरू झालं म्हणून इंजिन चांगलं असं धरू नका, आणि सुरू होत नाही म्हणून टाकाऊ असंही धरू नका. न चालणारी कित्येक इंजिनं किरकोळ कारणाने पडून असतात आणि ती स्वस्तात मिळतात. ड्रममध्ये छान घुमणारी काही इंजिनं मात्र आतून संपलेली असतात. म्हणून दोष नेमका कुठे आहे ते आधी ओळखायचं आणि किंमत त्यानंतर बोलायची.

खाली जे लिहिलं आहे ते मुख्यतः ५ ते १५ अश्वशक्तीच्या, दोरी ओढून सुरू करायच्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या) इंजिनांबद्दल आहे. आपल्याकडे जुन्यात बहुतेक तीच येतात. फोर-स्ट्रोकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

इंजिन कुठल्या पाण्यातलं आहे?

हा पहिला प्रश्न. पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे इथे विकायला येणारं इंजिन एक तर कोकणातून घाट चढून आलेलं असतं, नाही तर धरणाच्या पाण्यावर चाललेलं असतं.

हर्णे, अलिबाग, मालवण या बाजूची मासेमारीची इंजिनं रोज चाललेली असतात. रोज चालणारं इंजिन पडून राहिलेल्यापेक्षा केव्हाही बरं. पण खारं पाणी आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये मिठाचे थर धरतं, आणि ॲल्युमिनियमच्या अंगात बसवलेले स्टीलचे बोल्ट असे घट्ट जाम होतात की पाना लावला की मान तुटून हातात येते. मग ड्रिल मारा, नवे आटे पाडा, हेलिकॉइल (आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवा. एका बोल्टसाठी लेथवाल्याकडे अख्खा दिवस जातो.

उजनीच्या काठची, भिगवण भागातली इंजिनं गोड्या पाण्यातली. बाहेरून स्वच्छ दिसतात आणि बोल्टही सुटतात. तिथला त्रास वेगळा असतो. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे (म्हणजे प्रॉपेलरमागे) गुंडाळला जातो आणि शाफ्टचं ऑइल सील, म्हणजे ऑइल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं, कापतो. गाळाचं पाणी ओढून इंपेलर, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी वर चढवणारं रबरी चाक, झिजतो. जलपर्णीच्या मुळ्या पाणी घेण्याच्या जाळीत अडकतात.

रिसॉर्टची किंवा कुणा हौशी माणसाची, एक-दोन हंगाम वापरून शेडमध्ये ठेवलेली इंजिनं दिसायला सगळ्यात देखणी असतात. रंग शाबूत, स्टिकर शाबूत. यांच्याच बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात. कार्बमधलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट डिंक झालेला असतो, इंपेलरची रबरी पाती एकाच बाजूला वाकून तशीच कडक झालेली असतात, आणि पाणी न काढता ठेवलं असेल तर आतले बेअरिंग गंजलेले असतात. ‘फक्त वीस तास चाललंय’ हे खरं असलं तरी ते कसं ठेवलं होतं, हा प्रश्न उरतोच.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अधूनमधून आउटबोर्डचे तुकडे दिसतात. झाकण, क्लॅम्प (होडीच्या फळीला आवळायची पकड), पंखा असं सुटं काही जुळत असेल तर जरूर घ्या. अख्खं इंजिन मात्र कागदाशिवाय तिथून उचलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट विचारा: इंजिन पेट्रोलचं की केरोसीनचं? मासेमारीसाठी यामाहा आणि सुझुकीची केरोसीनवर चालणारी मॉडेलं आपल्याकडे भरपूर आहेत. ती पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर घेतात, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणतात. त्यांचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मुळातच कमी ठेवलेलं असतं. हे माहीत नसलं तर दाब मोजायच्या गेजवरचा आकडा पाहून चांगलं इंजिन सोडाल, किंवा केरोसीनचं इंजिन पेट्रोलचं समजून जास्त पैसे द्याल.

जाण्याआधी फोनवर

क्लॅम्पवरच्या प्लेटचा फोटो मागवा. मॉडेल आणि सिरीयल नंबर त्यावर असतो. प्लेट खरवडलेली किंवा उपटलेली असेल तर पुढे जाऊच नका.

मॉडेल कळलं की सुट्या भागांची चौकशी इंजिन पाहायच्या आधी करा. यामाहा आणि सुझुकीचे भाग किनारपट्टीवर मासेमारांमुळे सहज मिळतात, कुरिअरने पुण्यात येतात. इव्हिनरूड आणि जॉन्सन ही जुनी नामांकित इंजिनं. त्यांची मूळ कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे बॉम्बार्डिएरने ती घेतली, आणि २०२० मध्ये इव्हिनरूडचं उत्पादनच थांबलं. इंजिन दणकट होतं यात वाद नाही. इंपेलर, प्लग, कार्बचं किट अजूनही इतर कंपन्यांचं मिळतं. पण गिअर किंवा सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला तर परदेशातून मागवत बसावं लागतं. अशा इंजिनाला ते चांगलं चालत असेल तेव्हाच पैसे द्यावेत, ‘थोडं काम आहे’ म्हणून विकत असतील तेव्हा नाही.

इंजिनाच्या पायाची, म्हणजे खाली पाण्यात जाणाऱ्या भागाची, लांबीही फोनवरच विचारा. क्लॅम्पच्या वरच्या आतल्या बाजूपासून पंख्यावरच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजायची. आखूड पाय सुमारे १५ इंच, लांब पाय सुमारे २० इंच. ती पट्टी होडीच्या तळाच्या साधारण बरोबरीत यायला हवी. आखूड इंजिन उंच फळीवर लावलं की पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि होडी सरकत नाही. मग लोक इंजिनाला नावं ठेवतात.

आणि विकणाऱ्याला सांगून ठेवा की मी येईपर्यंत सुरू करू नका.

झाकण काढल्यावर

पोचल्याबरोबर झाकण काढून सिलिंडरवर हात ठेवा. कोमट लागला तर आधीच सुरू करून ठेवलंय. गार इंजिन सुरू व्हायला किती त्रास देतं हे तुम्हाला पाहायचंय, त्यामुळे तासभर थांबा, चहा घ्या, बाकीची तपासणी करा.

सिलिंडरच्या डोक्यावरचा रंग पाहा. इतर ठिकाणी रंग चांगला आणि फक्त तिथे करपलेला, फुगलेला किंवा सोललेला असेल तर इंजिन कधीतरी जबर तापलेलं आहे. डोक्याच्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर ते उघडलं गेलंय. उघडणं वाईट नाही, पण का उघडलं आणि काय बदललं याचं उत्तर मिळालं पाहिजे. अख्ख्या इंजिनावर नवा स्प्रेचा रंग असेल तर मला तो आवडत नाही. रंगाखाली गंज असतो आणि जस्ताचे तुकडेही रंगवलेले सापडतात. हे जस्ताचे तुकडे, म्हणजे ॲनोड, स्वतः झिजून इंजिनाचं अंग वाचवतात. अर्धवट झिजलेला तुकडा हे चांगलं लक्षण. त्यावर रंग मारला की त्याचं काम बंद आणि पाणी अंगच खायला लागतं.

दोरी हळू ओढा. प्लग लावलेले असताना हाताला दाब जाणवला पाहिजे आणि तो प्रत्येक सिलिंडरला सारखा जाणवला पाहिजे. दोरी सैल, बिनविरोध येत असेल तर शंका घ्या. दगडासारखी अडत असेल तर जोर लावू नका. पिस्टन जाम असेल तर जोर लावून सुटत नाही, तुटतं.

गिअरमध्ये टाका आणि पंखा हाताने फिरवून पाहा. पुढचा, न्यूट्रल, मागचा, तिन्ही खटके स्वच्छ लागले पाहिजेत. हे करताना सेफ्टी क्लिप (चालवणाऱ्याला बांधायची, निघाली की इंजिन बंद करणारी) काढलेली असू द्या, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही.

गिअर ऑइल

माझ्या मते अख्ख्या तपासणीत सगळ्यात जास्त सांगून जाणारी गोष्ट ही, आणि तिला फक्त एक मोठा स्क्रू ड्रायव्हर लागतो.

इंजिन उभं ठेवलेलं हवं, शक्यतो रात्रभर न हलवलेलं. खालच्या पायाला दोन स्क्रू असतात, एक अगदी खाली आणि एक वर. आधी खालचाच स्क्रू थोडा सैल करा आणि दोन-तीन चमचे ऑइल वाटीत येऊ द्या. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तळाशी बसलेलं असतं, ते पहिल्यांदा बाहेर येतं. नुसतं पाणी आलं तर सील गेलेलं आहे आणि इंजिन तसंच पडून होतं. ऑइल दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं आलं तर सील गेलेलं असताना ते चालवलं गेलंय. काळं पण स्वच्छ ऑइल म्हणजे फक्त बदलायचं राहिलेलं, त्याची चिंता नाही.

मग ते ऑइल दोन बोटांत चोळा. बारीक राखाडी पेस्ट स्क्रूच्या चुंबकावर असणं नेहमीचं आहे. बोटांना टोचणारे, चमकणारे कण लागले तर गिअर किंवा बेअरिंग तुटतंय. हे दुरुस्त करायला जाऊ नका. जुन्या इंजिनाच्या खालच्या पायाचे गिअर घेण्यापेक्षा दुसरं इंजिन पाहिलेलं परवडतं.

सील गेलं असेल तर पंखा काढून मागे पाहा. नायलॉनचा धागा शाफ्टभोवती वितळून चिकटलेला सापडला तर कारण मिळालं. सील स्वस्त असतं. शाफ्टवर सील बसतं त्या जागी नखाला खाच लागते का ते पाहा. खाच नसेल तर फक्त सील बदलून काम होतं. खाच असेल तर नवं सीलही काही दिवसांत गळणार.

ऑइल अगदी नवं, स्वच्छ, सोनेरी निघालं तर खूश होऊ नका. कदाचित आजच भरलंय. पाण्यावर चालवून झाल्यावर पुन्हा दोन चमचे काढून बघा.

कॉम्प्रेशन आणि पुण्याची उंची

गेज स्वतःचं न्या. बऱ्याच लहान टू-स्ट्रोक आउटबोर्डना १४ मिलिमीटर आट्याचा, आखूड बुडाचा प्लग असतो. जुन्या चेतक स्कूटरचाही साधारण तसाच. हल्लीच्या स्कूटरचे प्लग बारीक आट्याचे असतात, त्यामुळे जोडणी आधी लावून पाहा. नाना पेठेत गेज आणि जोडण्या दोन्ही मिळतात.

सगळे प्लग काढा. त्यांच्या कॅपा तारेने इंजिनाच्या अंगाला जोडून अर्थिंग द्या. हे टाळू नका, उघड्या कॅपांवर दोरी ओढली तर सीडीआय जळू शकतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. प्रत्येक सिलिंडरला तितक्याच वेळा.

किती आकडा यावा? पेट्रोलच्या लहान टू-स्ट्रोकला साधारण ९० ते १३० पीएसआयच्या (दाबाचं माप) दरम्यान. मात्र आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा, तो १० टक्क्यांच्या आत हवा. ११० आणि १०५ असेल तर निश्चिंत राहा. १२० आणि ८५ असेल तर १२० पाहून भुलू नका. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलंय. चढला नाही तर डोक्याचं गॅस्केट किंवा पिस्टनच फुटलाय.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण ६ टक्के कमी असतो. त्यामुळे हर्णेला १२० दाखवणारं तेच इंजिन इथे ११२-११३ च्या आसपास दाखवेल. कोकणातल्या विकणाऱ्याने सांगितलेला आकडा इथे जुळला नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका. याच कारणाने ताकदही थोडी कमी मिळते, आणि किनाऱ्यावर बरोबर बसणारा पंखा पानशेतच्या उंचीवर जरा जड वाटतो.

लहान फोर-स्ट्रोकमध्ये सुरू करताना दाब आपोआप सोडणारी यंत्रणा असू शकते. तिथे हा आकडा फसवा येतो.

दहा मिनिटांनी बंद पडण्याचा तपास

आता मूळ तक्रार. हा दोष ड्रममध्ये दिसत नाही, कारण ड्रममध्ये इंजिनावर ओझंच नसतं. पेट्रोलची ओढ कमी असते आणि उष्णताही कमी होते. त्यामुळे पाण्यावर, पूर्ण थ्रॉटलने, निदान वीस मिनिटं चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याकडे होडी नसेल तर परवानगीची होडी असलेला ओळखीचा माणूस गाठा. भिगवण बाजूला असे लोक आहेत आणि इंधनाचा खर्च दिला तर मदत करतात. सोबत लाइफ जॅकेट, वल्हं आणि दुसरी होडी ठेवा. संशयित इंजिनावर एकट्याने जाऊ नका.

निघण्याआधी पंख्याच्या मधल्या धातूच्या नळीपासून बाहेरच्या अंगापर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढा. दोहोंच्या मध्ये रबर असतं आणि ते सुटलं तर इंजिन फिरतं पण पंखा घसरतो. परत आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर ‘पिकअप नाही’ याचं उत्तर मिळालं, आणि तो दोष इंजिनाचा नाही.

इंजिन गुदमरायला लागलं की थ्रॉटल सोडू नका. त्या क्षणी काय करता यावर निदान अवलंबून आहे.

पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबत राहा. इंजिनाने पुन्हा दम धरला तर पेट्रोल पोचत नाहीये. फुगा चपटा होऊन चिकटलेला असेल तर टाकीकडून वाट बंद आहे: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय किंवा आतली जाळी तुंबलीय. फुगा मऊ आणि ढिला असेल तर नळी कुठेतरी हवा ओढतेय किंवा इंजिनावरच्या पंपाचा पडदा फाटलाय. हे सगळे स्वस्त दोष आहेत. खात्री करायची तर तुमची स्वतःची चांगली टाकी, नळी आणि ताजं पेट्रोल लावून पुन्हा चालवा. मी तर म्हणेन की पाहायला जाताना स्वतःची टाकी न्यावीच. निम्मे झगडे तिथेच मिटतात.

फुगा दाबून फरक पडला नाही, पण चोक अर्धवट ओढल्यावर सुधारलं, तर कार्बचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, तुंबलाय. हळू चालवताना मरतं आणि जोरात चालतं, तर हळू चालीचा जेट. उलट असेल तर मोठा जेट. कार्ब खोलून साफ करणं हे पुण्यात अवघड नाही. चेतक आणि यामाहाच्या आरएक्स १०० बाइकवर हात बसलेले जुने फिटर अजून आहेत आणि टू-स्ट्रोकचा कार्ब त्यांना सांगावा लागत नाही.

आता मागची पाण्याची धार पाहा. धार गेली असेल किंवा वाफाळत असेल तर ताबडतोब बंद करा. धार येणाऱ्या बारीक नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असतं, हे पडून राहिलेल्या इंजिनात हमखास. नायलॉनची जाड दोरी आत सरकवून पाहा. ते नसेल तर इंपेलर गेलाय. इंपेलर स्वस्त आहे, पण तो बदलायला खालचा पाय उतरवावा लागतो आणि तिथे पुन्हा त्या जाम बोल्टांचा प्रश्न येतो. म्हणून ‘इंपेलर नुकताच बदललाय’ असं कुणी म्हणालं तर त्यातला एक बोल्ट तुमच्यासमोर सैल करायला सांगा. खरंच बदलला असेल तर तो सहज सुटेल.

धार जोरात येतेय म्हणून आत सगळं गार आहे असंही नाही. खाऱ्या पाण्याच्या इंजिनात धारेची वाट मोकळी आणि सिलिंडरभोवतालची वाट मिठाने बंद, असं होतं. सिलिंडरच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. चर्रकन उडून गेला तर तापतंय.

पेट्रोल ठीक, पाणी ठीक, आणि तरीही इंजिन एकदम, बटण दाबल्यासारखं बंद झालं? मग प्लगचा करंट बंद पडताक्षणी तपासा, गार झाल्यावर तपासून उपयोग नाही. गरम असताना करंट नाही आणि अर्ध्या तासाने आला, तर ठिणगीची वीज देणाऱ्या भागांपैकी एक, म्हणजे कॉइल, स्टेटर किंवा सीडीआय, तापल्यावर दगा देतोय. पेट्रोल कमी पडून मरणारं इंजिन आधी अडखळतं, धापा टाकतं. करंट जाऊन मरणारं बहुतेक वेळा एका झटक्यात गप्प होतं. हा फरक कान देऊन ऐका. पुन्हा पुन्हा प्लग आणि कार्ब बदलून जे इंजिन सुधारत नाही, त्यात हाच दोष दडलेला असतो, कारण गॅरेजमध्ये गार इंजिनावर करंट नेहमीच मिळतो. दोष मात्र आधी सेफ्टी क्लिप आणि तिच्या स्विचमध्ये शोधा. गंजलेला स्विच हलक्या कंपनानेही इंजिन मारतो आणि तो बदलणं अगदीच किरकोळ काम आहे.

शेवटी, पूर्ण थ्रॉटलवर पुढचा गिअर उडी मारून न्यूट्रलला येतोय का ते पाहा. तसं होत असेल तर आतल्या क्लचचे दात झिजलेत. बाकी सगळं चांगलं असलं तरी मी ते इंजिन घेणार नाही.

पेट्रोलबद्दल थोडं

२०२५ पर्यंत आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सर्रास झालं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, आणि फार जुन्या इंजिनांची रबरं तर इथेनॉल लक्षात घेऊन बनवलेलीच नसतात. नळी आतून सुटते, पंपाचा पडदा ताठ होतो, कार्बच्या सुईचं टोक फुगतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने ठेवली तर तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं. म्हणून जुनं इंजिन घेतलं की नळी, फुगा, पंपाचा पडदा आणि कार्बचं किट बदलायचा खर्च किमतीत धरूनच बोला, ते चालत असलं तरीही. टाकीत लागेल तेवढंच पेट्रोल घ्या आणि ठेवताना नळी काढून कार्बमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. अर्थात पाय पाण्यात असताना. कोरडं चालवलं तर इंपेलर काही सेकंदांत जळायला लागतो.

किंमत बोलताना

कार्ब, प्लग, इंपेलर, नळ्या, स्विच, शाफ्ट शाबूत असताना गेलेलं सील, घसरणारा पंखा: हे दोष असलेलं इंजिन घ्यायला हरकत नाही, तो खर्च वजा करून. सिलिंडरांत मोठा फरक, ऑइलमध्ये धातूचे कण, उडी मारणारा गिअर, तुटलेल्या बोल्टांची रांग: सोडून द्या. कॉइल आणि सीडीआय मधोमध येतात. भाग सहज मिळतो त्या मॉडेलला घ्या, नाही तर नको. माझा स्वतःचा हिशेब असा की किंमत आणि दुरुस्ती मिळून त्याच ताकदीच्या नव्या इंजिनाच्या निम्म्यावर गेली की मी नव्यासाठी थांबतो. विकणारा ऑइलचा स्क्रू उघडू देत नसेल किंवा गेज लावू देत नसेल तर घासाघीस करत बसू नका, परत या.

जुनं बिल आणि विकणाऱ्याच्या सहीचा कागद, सिरीयल नंबरासह, घ्याच. इंजिन मच्छीमार योजनेच्या अनुदानावर घेतलेलं असेल तर ते विकायची मुभा आहे का ते लेखी पाहा. आणि इंजिन घ्यायच्या आधी ते कुठे चालवणार हे ठरवा. खडकवासला, पानशेत, वरसगाव ही पुण्याच्या पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत आणि जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहेत, तिथे इंजिनाची होडी मनाला येईल तशी सोडता येत नाही. यांत्रिक होड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. दोन्हीकडे आधी विचारून या. इंजिन शेडमध्ये ठेवून परवानगीची वाट पाहणारे लोक मी पाहिलेत, आणि ते पाहून वाईट वाटतं, कारण पडून पडून चांगलं इंजिनही खराब होतं.

घरी आणताना आणि पहिल्यांदा चालवताना

पंधरा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक साधारण ३६ किलोचं असतं, दोन माणसांनी सहज गाडीत ठेवता येतं. आधी उभं धरून आतलं सगळं पाणी निथळू द्या. आडवं ठेवताना डोकं पायापेक्षा उंच हवं, नाही तर पायातलं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरतं. ताम्हिणी किंवा वरंध घाटातून येताना उतार-चढावाचा विचार करून डोक्याखाली जाड उशी द्या. फोर-स्ट्रोक वाटेल त्या कुशीवर ठेवायचं नाही, ठरलेल्या कुशीवरच ठेवायचं. कुठली कुशी ते झाकणावर किंवा पुस्तिकेत दाखवलेलं असतं.

ऑइलबद्दल कळकळीने सांगतो. दुकानात टू-टी ऑइल मागितलं की स्कूटरचं मिळतं. ते आउटबोर्डमध्ये घालू नका. स्कूटरचं इंजिन हवेने गार होतं आणि खूप तापतं, त्याच्या ऑइलमधली द्रव्यं त्या उष्णतेसाठी असतात. आउटबोर्ड धरणाच्या गार पाण्यावर चालतं, त्यात ती द्रव्यं नीट जळत नाहीत आणि प्लगवर व पिस्टनवर राखेचे थर धरतात. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं आउटबोर्डचंच ऑइल घ्या. प्रमाण पुस्तिकेत पाहा. बऱ्याच इंजिनांना ५० ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर. फार जुन्या, १९६४ च्या आधीच्या इंजिनांना याच्या दुपटीच्या आसपास लागतं. आधीच्या मालकाने स्कूटरचं ऑइल वापरलं असेल तर प्लग काढून नवे लावा, पहिल्या काही फेऱ्या अर्ध्या थ्रॉटलवर करा, आणि मग कॉम्प्रेशन पुन्हा मोजून तो आकडा तारखेसह झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढच्या हंगामात तुलना करायला तोच उपयोगी पडेल.